पाण्याचा ताप, खोलीचा ताप

मे महिन्यातली दुपार. वरच्या मजल्यावरच्या खोलीत थ्रीडी रेंडरिंगचं काम लावून मी जेवायला खाली गेलो. तासाभराने येऊन पाहतो तर पडद्यावर प्रोसेसरचं तापमान ८२ अंश. हेच काम डिसेंबरात लावलं होतं तेव्हा ६६ होतं. पोटात गोळा आला. हा कॉम्प्युटर साध्या पंख्यावर चालणारा नव्हे. त्याच्या पोटात पाणी खेळवलं आहे, आणि पाण्याचं यंत्र बिघडलं की पहिला विचार गळतीचाच येतो. यंत्र जुळवून देणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"सोळा अंश वाढलेत रे! पंप गेला की काय?"

"मामा, आधी खोलीत किती आहे ते सांग."

भिंतीवर ३७ होतं.

"आणि डिसेंबरात?"

यंत्र आलं त्या दिवशीची नोंद वहीत होती. २१.

"मग खोलीच सोळा अंशांनी तापलीय. यंत्र आहे तिथेच आहे."

त्या दिवसापासून मी पडद्यावरचा आकडा एकटा वाचत नाही. शेजारी दुसरा आकडा ठेवून वजाबाकी करतो. पाणी खेळवलेल्या कॉम्प्युटरचं तापमान राखण्याची सगळी विद्या या वजाबाकीत आहे.

पाण्याची प्रदक्षिणा

आधी रचना समजून घेऊ. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक ठोकळा बसवलेला असतो. त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. त्याच्या आत केसासारख्या बारीक फटी असतात आणि त्यांतून पाणी वाहतं. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. ग्राफिक्स कार्डावरही असाच ब्लॉक. तिथली उष्णता घेऊन पाणी रेडिएटरमध्ये जातं, पंखे त्यातून हवा ओढतात, निवलेलं पाणी टाकीत येतं आणि पंप ते पुन्हा ढकलतो. मोटारीच्या बॉनेटखाली जे चालतं त्याचीच ही धाकटी आवृत्ती. या बंद फेरीला हौशी मंडळी 'लूप' म्हणतात.

एवढा खटाटोप पाण्यासाठीच का? एक लीटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. एक लीटर हवेला जेमतेम सव्वा ज्यूल. तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. आणि आजच्या चिपा उष्णतेच्या बाबतीत हात आखडता घेत नाहीत. इंटेलच्या कोअर आय-नाइन १३९००केची कमाल मर्यादा २५३ वॉट आहे, एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या कार्डाची ४५०. दोन्ही एकदम राबू लागली की टेबलाखाली खोली गरम करायची शेगडीच पेटते.

मोठ्या यंत्रांना ही अडचण फार आधी आली. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकात चिपांच्या जुडग्यांवर पाणी खेळवलं होतं. १९८५ च्या क्रे-२ ची तर सर्किटंच वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. पुण्यात आयसरमध्ये बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही द्रवाने थंड होतो. पण मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातलं. तिथे २०१० साली आयबीएमच्या साथीने 'अक्वासार' नावाची यंत्रणा उभी राहिली. तिच्यात चिपा थंड करायला साठ अंशांपर्यंतचं पाणी वापरायचं ठरलं. आपण अंघोळीला घेतो त्याहून कढत! तरीही चिपा ८५ अंशांच्या आत राहत, आणि बाहेर पडणारं पाणी विद्यापीठाच्या इमारती उबदार ठेवायला कामी येई. पाणी 'थंड' असण्याची सक्ती नाही. ते चिपेपेक्षा पुरेसं कमी तापलेलं असलं की झालं. इथेही मुद्दा फरकाचाच.

चिपेचा आकडा आणि त्यातली मेख

प्रोसेसरच्या आत तापमान मोजणारे सेन्सर जन्मजात असतात. एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर ते वाचून दाखवतं. इंटेलच्या चिपेतला सेन्सर खरं तर 'मर्यादेपासून मी किती अंश दूर आहे' एवढंच सांगतो. बऱ्याच कोअर प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंशांची आहे. सॉफ्टवेअर तीतून वजाबाकी करून आपल्याला आकडा देतं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक चिपांची मर्यादा ९५. ती गाठली की चिप स्वतःहून वेग कमी करते.

या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवला तर काय होतं, ते २०१७ मध्ये रायझन १८००एक्स घेणाऱ्यांनी अनुभवलं. पंख्यांचं नियंत्रण सगळ्या मॉडेलांत सारखं राहावं म्हणून एएमडीने त्या चिपेच्या आकड्यात मुद्दाम २० अंश मिळवले होते. चिप ५५ वर, पडद्यावर ७५! लोकांनी पेस्ट खरवडून पुन्हा लावली, कूलर बदलले. मग कंपनीने खुलासा केला.

चिपेच्या आकड्याला दुसरी खोड आहे ती उतावीळपणाची. एखादं पान उघडलं की एका सेकंदात तो दहा-पंधरा अंश उडी मारतो आणि लगेच खाली येतो. पंख्यांचा वेग या आकड्याला जोडला तर ते दिवसभर धाप लागल्यासारखे वर-खाली होत राहतात. पाणी मात्र संथ. लूपमध्ये एक लीटर पाणी असेल आणि ५०० वॉट उष्णता त्यात पडत असेल, तर रेडिएटरने काहीच केलं नाही तरीही एक अंश चढायला आठ सेकंद लागतात. म्हणून पंखे पाण्याच्या तापमानाला जोडायचे. पाणी ३२ ला असेल तर हळू, ४० च्या पुढे गेलं की जोरात. घरात शांतता नांदते.

दहा हजार ओहमचा मणी

पाण्याचं तापमान मोजायला लागतो तो थर्मिस्टर: वाटाण्याहून लहान मणी, पितळी बुचात बसवलेला. बुचाला पाव इंची आटे असतात, लूपमधल्या सगळ्या फिटिंगला असतात तसेच. सर्वत्र चालणारा प्रकार २५ अंशांना १०,००० ओहम रोध दाखवतो. तापमान अंशाने वाढलं की रोध सुमारे चार टक्क्यांनी उतरतो. दोन तारा मदरबोर्डावरच्या किंवा पंख्यांच्या कंट्रोलरवरच्या दोन पिनांना जोडायच्या, की झालं.

पण इथेही एक खाच आहे. रोध किती वेगाने उतरतो याचा प्रत्येक मण्याचा एक स्थिरांक असतो. ३४३५ आणि ३९५० हे दोन्ही बाजारात सर्रास मिळतात. कंट्रोलरला ३४३५ चा मणी अपेक्षित असेल आणि आपण ३९५० चा लावला, तर २५ अंशांना आकडा अचूक येतो, पण पाणी ४५ ला गेलं की पडद्यावर ४८ दिसतं. यंत्र आळसावलेलं असताना सगळं बरोबर आणि ऐन कामाच्या वेळी तीन अंशांची चूक!

त्यावरचा उपाय स्वयंपाकघरात आहे. सेन्सर बसवण्यापूर्वी सगळे एकत्र एका पेल्यात सोडायचे. आधी कोमट पाण्यात, मग कुटलेल्या बर्फाच्या लगद्यात. लगद्यात शून्याच्या आसपास यायलाच हवं. कोण किती चुकतो ते वहीत लिहून ठेवायचं. आपण वजाबाकी करणार असल्यामुळे सेन्सर एकमेकांशी जुळणं सर्वांत महत्त्वाचं.

सेन्सर बसवायचा तो वाहत्या पाण्यात. टाकीच्या कोपऱ्यातल्या बंद भोकात साचलेलं पाणी असतं. तिथला आकडा उशिरा बदलतो. आणि हवेचा सेन्सर विसरू नका. तो रेडिएटरमध्ये हवा शिरते त्या तोंडाशी हवा. माझं भिंतीवरचं यंत्र फोनवर बोलण्यापुरतं ठीक. पण रेडिएटर पेटीच्या आतली तापलेली हवा ओढत असेल, तर त्याच्या लेखी 'खोली' म्हणजे ती हवा.

तीन वजाबाक्या

पहिली, पाण्यातून हवा वजा. ही रेडिएटर आणि पंख्यांची परीक्षा. पूर्ण भारावर हा फरक दहा अंशांच्या आसपास राहिला तर लूप उत्तम, असा हौशी मंडळींचा ठोकताळा आहे. फरक वाढत चालला तर रेडिएटरच्या पात्यांत धूळ बसली आहे, पंखा मंदावला आहे किंवा हवा कोंडते आहे.

दुसरी, चिपेतून पाणी वजा. ही ब्लॉक आणि पेस्टची परीक्षा. वर्षभरात हा फरक हळूहळू वाढला तर पेस्ट वाळते आहे किंवा ब्लॉकच्या फटींत काहीतरी साचतं आहे. मऊ प्लास्टिकच्या नळ्यांमधून सुटणारा चिकट थर हा तिथला नेहमीचा गुन्हेगार. नवी बांधणी झाल्या झाल्या हा फरक भलताच मोठा दिसला तर ब्लॉक वाकडा बसलाय, किंवा त्याखालचं प्लास्टिकचं संरक्षक आवरण काढायचं राहून गेलंय.

तिसरी, रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या पाण्यातून बाहेर पडणारं पाणी वजा. ही पंपाची परीक्षा. मिनिटाला एक लीटर पाणी वाहत असेल तर दर ७० वॉटमागे ते एक अंश तापतं. ५०० वॉटची उष्णता आणि मिनिटाला चार लीटर प्रवाह असेल तर फरक दोन अंशांच्याही आत. म्हणून 'आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड' हा वाद फारसा अर्थाचा नाही. पण तोच फरक सहा अंशांवर गेला, तर प्रवाह मिनिटाला सव्वा लीटरपर्यंत घटला आहे हे दोन थर्मामीटरच सांगून जातात.

पूर्ण भारावर लूप स्थिरावायला अर्धा तास सहज लागतो. तोवर घेतलेली नोंद खोटी आशा दाखवते. तुलनेसाठी काम तेच हवं आणि पंखे एकाच वेगावर बांधलेले हवेत. वजाबाकी हाताने करायचा कंटाळा असेल तर फॅनकंट्रोलसारखं मोफत सॉफ्टवेअर दोन सेन्सरांतला फरक काढून पंखे थेट त्या फरकावर चालवतं.

शांत पाणी फसवतं

वजाबाकीवर एवढा भरवसा ठेवणाऱ्या मलाही एकदा ठेच लागली. साफसफाई करताना पंपाचा कनेक्टर माझ्याच हातून अर्धवट बसला. यंत्र सुरू झालं, काम लावलं आणि पंप निमूटपणे थांबला. रेडिएटरच्या पुढच्या सेन्सरवर काय दिसत होतं? ३४, मग ३३, मग ३२. पाणी निवतंय असं समजून पंखेही हळू झाले. खोलीत इतकी शांतता कधीच नव्हती. तिकडे ब्लॉकमधलं घोटभर पाणी कढत होतं आणि चिप शंभरावर टेकून रांगत होती.

पाणी वाहत नसेल तर पाण्याच्या तापमानाला अर्थ नाही, हे तेव्हा कळलं. आता पंपाच्या फेऱ्यांवर एक गजर आहे आणि लूपमध्ये प्रवाहमापक. सोसायटीतल्या पाण्याच्या मीटरसारखं त्यात एक चिमुकलं चक्र फिरतं. चक्रातलं चुंबक सेन्सरसमोरून गेलं की एक ठोका मोजला जातो. ठोके थांबले की यंत्र बंद.

आपली हवा

परदेशी मार्गदर्शकांत खोली बहुधा २१-२२ अंशांची धरलेली असते. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४० ला असली तर पाणी ५० ला जाणारच. पाणी कधीही हवेच्या खाली जात नाही. रेडिएटर कितीही मोठा घ्या. आणि लूपमध्ये लोकप्रिय असलेल्या डी-५ पंपाची मर्यादा ६० अंशांची. पीईटीजीच्या कडक नळ्याही त्याच सुमाराला नरमू लागतात, मग फिटिंगमधून सटकायची भीती. विदर्भात पैसे खर्चायचे तर आणखी एका रेडिएटरआधी खोली निववण्यावर खर्चावेत.

मुंबई-कोकणात धोका उलटा. पाण्याच्या टाकीत बर्फ टाकण्याची किंवा चिलर जोडण्याची हौस काहींना असते. पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की दवबिंदू २७ च्या वर असतो. पाणी त्याच्या खाली गेलं की नळ्यांवर, ब्लॉकवर घाम सुटतो, आणि थेंब मदरबोर्डावर पडतात.

दिवाळीची धूळ

गेल्या दिवाळीआधी घराला रंग काढला. भिंती घासल्या, लांबी भरली, पुन्हा घासल्या. यंत्रावर चादर टाकली होती, तरी चार दिवसांनी सवयीने नोंद घेतली. चिप ७७. मे महिन्यातल्या ८२ पेक्षा पाचाने कमी. एकट्या आकड्यावर विसंबलो असतो तर खूश होऊन फराळाला बसलो असतो.

वही उघडली. डिसेंबर: खोली २१, पाणी ३२, चिप ६६. मे: खोली ३७, पाणी ४८, चिप ८२. दोन्ही वेळा फरक तेच, ११ आणि ३४. आता खोली २८, पाणी ४३, चिप ७७. चिप आणि पाणी यांत ३४ च; म्हणजे ब्लॉक ठीक, पेस्ट ठीक. पण पाणी आणि हवा यांत १५.

रेडिएटर उतरवून उजेडासमोर धरला. पलीकडचं काही दिसेना. पात्यांमध्ये पांढरी भुकटी गच्च बसली होती. गच्चीत नेऊन मऊ ब्रशने आणि ब्लोअरने झाडला. संध्याकाळी अर्धा तास काम लावून पुन्हा नोंद घेतली: खोली २७, पाणी ३८, चिप ७२. वजाबाकी केली, ११ लिहिलं आणि मग फराळाला बसलो.