बंद ठेवलेल्या शेतीयंत्रांचें उंदरांपासून रक्षण

धान्याच्या कणगीस व बळदास उंदरांपासून कसें जपावें, हें आपल्या शेतकरीवर्गास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु गेल्या कांहीं दशकांत शेतकऱ्याच्या दारीं धान्याखेरीज दुसरी एक मोलाची वस्तु येऊन राहिली आहे. ती म्हणजे यंत्रें. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, पेरणीयंत्र हीं वर्षांतील थोडे दिवस काम करितात आणि पुष्कळ दिवस गोठ्याशेजारच्या पडवींत उभीं असतात. त्या मुदतींत त्यांचा उपभोग उंदीर घेतात. या गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढ्याचसाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम नुकसानीचा विचार करूं. उंदरानें पोतें फोडलें तर पायलीभर धान्य जातें. पण ट्रॅक्टरची एक तार कुरतडली, तर मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला असतांही यंत्र जागचें हालत नाहीं. वाफसा थोड्या दिवसांचा असतो. नेमक्या त्याच दिवसांत सबंध तालुक्यांतील यंत्रें दुरुस्तीस आलेलीं असतात व मिस्त्रीच्या दारीं रांग लागते. म्हणजे एका क्षुल्लक तारेपायीं पेरणी लांबते, आणि पेरणी लांबली कीं त्या सालच्या उत्पन्नास खोट येते. याहून वाईट म्हणजे, सोललेल्या दोन तारा एकमेकींस भिडून ठिणगी पडते, किंवा धुराच्या तापलेल्या नळीवर रचलेलें वाळल्या गवताचें घरटें पेट घेतें, आणि यंत्राबरोबर शेजारची कडब्याची गंजीही आगीच्या भक्ष्यस्थानीं पडते.

उंदीर हें खोडी म्हणून करितो असें नाहीं. त्याचे पुढील दांत जन्मभर वाढत असतात. ही वाढ वर्षाकांठीं १० सेंटिमीटरांहून अधिक भरते. ते झिजविण्यास त्याला कांहीं तरी कुरतडणें भागच असतें, मग तें लांकूड असो, रबर असो वा तारेवरचें वेष्टण असो. यंत्राच्या झांकणाखालीं अंधार, ऊब व निवारा तयारच असतो. बैठकीच्या गादींतला कापूस किंवा स्पंज पिलांच्या बिछान्यास उपयोगी पडतो. उंदराच्या मादीचा गर्भकाळ सुमारें तीन आठवड्यांचा असून तिचीं पिलें तीन महिन्यांच्या आंतबाहेर स्वतः प्रजननक्षम होतात. यावरून एका जोडीची उपेक्षा किती महागांत पडते, हें ध्यानीं येईल.

उपद्रव देणाऱ्या जाती मुख्यतः तीन. घरउंदीर चढण्यांत पटाईत असून तो आढ्यावरून व तारेवरूनही येतो. लहान उंदीर शिसपेन्सिल शिरेल एवढ्या भोंकांतून आंत येऊं शकतो. घूस जमीन पोखरून पायाखालून येते. चिचुंद्री मात्र उंदराच्या जातीची नव्हे. ती किडे खाऊन राहते, तेव्हां तारांचा दोष तिच्यावर घालूं नये. रब्बीची कापणी होऊन शेतांतील अन्न संपलें म्हणजे, आणि पहिल्या मोठ्या पावसानें बिळांत पाणी शिरलें म्हणजे, अशा दोन वेळीं हे प्राणी वस्तीकडे वळतात. या दोन्ही वेळांच्या आधींच बंदोबस्त झाला पाहिजे.

बंदोबस्त म्हटला कीं आपणांस विष आठवतें. येथेंच चूक होते. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत गेली. एका तालुक्याच्या दप्तरखान्यांत जुन्या कागदांचे रुमाल लांकडी मांडण्यांवर रचलेले असत. भिंतीस टेकलेल्या मांडणीवरील रुमाल उंदीर फोडीत. भिंतीपासून हातभर पुढें ओढलेल्या व जमिनीपासून उंच असलेल्या मांडणीस ते सहसा शिवत नसत. कारण उंदीर उघड्या जागेंतून जाण्यास भितो व भिंतीच्या कडेकडेनेंच चालतो. फेरफाराचा एक कागद कुरतडला गेल्यामुळें एका शेतकऱ्यास वारसाची नोंद सिद्ध करण्यासाठीं दोन वर्षें खेटे घालावे लागल्याचें लेखकानें पाहिलें आहे. तेथें पिंजरे होते, विषही पडत असे. तथापि खिडकीखालचें भोंक बुजविलें गेलें तेव्हांच उपद्रव थांबला. मेलेल्या उंदराची जागा दुसरा घेतो, पण बुजलेल्या वाटेनें कोणीच येत नाहीं. म्हणून अन्न, आसरा व वाट या तीन गोष्टी आधीं काढून घ्याव्या, आणि मारण्याचा उपाय शेवटीं योजावा.

अन्नाविषयीं असें कीं, यंत्र उभें करण्याच्या दिवशींच तें झाडून पुसून ठेवावें. मळणीयंत्र थोडा वेळ रिकामें चालवून आंतील दाणे बाहेर पाडावे, व नंतर चाळणीच्या सांदींतील भुसा कुंच्यानें काढावा. हें झाडण्याचें काम यंत्र पूर्ण थांबल्यावरच करावें. पेरणीयंत्राची बियाण्याची पेटी उपडी करून ठेवावी. ट्रॅक्टरच्या हत्यारपेटींत भाकरीचा तुकडा, शेंगदाणे किंवा पेंड राहूं देऊं नये. पूर्वीं उंदीर येऊन गेले असतील तर ती जागा साबणाच्या पाण्यानें धुवावी. कारण त्यांच्या मूत्राच्या वासावरून मागचे उंदीर वाट काढितात.

जागेसंबंधीं म्हणाल तर यंत्र कडब्याच्या गंजीजवळ किंवा पोत्यांच्या थप्पीजवळ उभें करूं नये. भिंतीपासून चोहोंकडे दोन हात जागा मोकळी ठेवावी. अडगळ, जुनीं पोतीं व गवत आसपास नसावें. ट्रॅक्टरचें पुढचें झांकण पडवींत उघडें ठेवल्यास आंत उजेड राहतो आणि घरटें करण्याचा मोह कमी होतो.

वाट बंद करतांना पडवीची खालची कड प्रथम पाहावी. दाराखालील फटीस पत्रा मारावा. भिंतींतील भोंकांत भांडीं घांसण्याची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लिंपावें. घुशीच्या बिळांत कांचेचे तुकडे व सिमेंट भरावें. नुसती माती किंवा चिंधी एका रात्रींत उकरली जाते. झरोक्यास ६ मिलिमीटरांहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. यंत्राच्या धुराच्या नळीस पत्र्याची टोपी घालावी आणि हवा घेण्याच्या तोंडास तसलीच जाळी बांधावी. मात्र हीं झांकणें काढल्यावांचून इंजिन सुरू करूं नये. यासाठीं चाकावर, म्हणजे सुकाणूवर, एक लाल चिंधी बांधून ठेवावी, कीं बसणाऱ्यास आठवण होईल. यंत्र बरेच दिवस उभें राहणार असेल तर बॅटरीची ऋण बाजूची तार आधीं सोडवावी, म्हणजे कुरतडलेल्या तारांतून ठिणगी पडण्याचें भय राहत नाहीं.

डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचें तेल व कर्णकटु ध्वनि काढणारीं यंत्रें यांवर पुष्कळांची श्रद्धा असते. उघड्या पडवींत वास लवकर उडून जातो, आणि ध्वनीस उंदीर थोड्याच दिवसांत सरावतात. यांवर विसंबून मुख्य काम टाळणें शहाणपणाचें नव्हे.

एवढें करूनही उंदीर दिसल्यास पिंजरा किंवा चापाचा सांपळा भिंतीलगत लावावा. घरउंदीर नव्या वस्तूस बुजतो; म्हणून दोनतीन दिवस सांपळा न ताणतां त्यावर खाद्य ठेवावें व मग ताणावा. विष वापरणेंच प्राप्त झालें तर ब्रोमॅडिओलोनची तयार वडी बंद डब्यांत, मुलें, गुरें, कुत्रीं यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. त्याचा परिणाम दिसण्यास कांहीं दिवस लागतात. झिंक फॉस्फाइड पोटांत गेल्यास त्यावर उतारा नाहीं. सबब तें घराच्या व गोठ्याच्या आसपास आणूं नये. विष खाल्लेला उंदीर मांजर किंवा गव्हाणी घुबड यांच्या पोटांत गेल्यास आपले हे फुकटचे राखणदारही दगावतात, हेंही लक्षांत असावें.

आरोग्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. उंदराच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याचे जंतु ओल्या जागीं हातापायांवरील जखमेंतून शरीरांत शिरतात. म्हणून घरटें काढतांना रबरी मोजे घालावे, जागा जंतुनाशकानें भिजवावी आणि कोरडी झाडूं नये. कारणावांचून एकाएकीं पुष्कळ उंदीर मरून पडूं लागले तर त्यांस हात न लावतां आरोग्य केंद्रास तत्काळ वर्दी द्यावी. मेलेल्या उंदरावरील पिसवा माणसाकडे वळतात, व प्लेग त्यांच्याच द्वारां येतो. १८९६ सालीं मुंबईस आलेल्या प्लेगाची कथा वडिलधाऱ्यांकडून ऐकलेली आहे. पण १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं व सुरत शहरीं तो पुन्हां आला, हें आपल्याच हयातींतलें आहे.

शेवटीं पाहणी. दर आठवड्यास एक ठरलेला वार धरून झांकणाखालीं, बैठकीखालीं व बॅटरीजवळ दिव्याच्या उजेडांत पाहावें. लेंड्या, भुसा, कुरतडलेला रबर यांपैकीं कांहीं आढळल्यास तारखेसह भिंतीवरील वहींत टिपावें, म्हणजे उंदीर कोणत्या बाजूनें येतो तें दोनतीन नोंदींतच कळतें. पेरणीपूर्वीं निदान पंधरा दिवस आधीं यंत्र एकवार चालवून पाहावें. कांहीं बिघाड निघालाच तर मिस्त्रीकडे गर्दी होण्याच्या आंत तो दुरुस्त होईल. ज्या सभासदांनीं याहून निराळे उपाय योजून पाहिले असतील, त्यांनीं ते मासिकाकडे लिहून पाठविल्यास इतर बांधवांस त्यांचा लाभ होईल.