ॲव्होकॅडोची बी ग्लासात उगवली, पण फळ कधी मिळणार?

ॲव्होकॅडोच्या बीला तीन-चार टूथपिक टोचायच्या, रुंद बाजू पाण्यात बुडेल अशी ती ग्लासावर ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत कोंब हजर! ही रील तुम्हीही पाहिली असेल. बी उगवते हे खरंच आहे. पण रील संपते तिथून खरी परीक्षा सुरू होते.

बीपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला 5 ते 10 वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. एवढं थांबूनही तुम्ही खाल्लं होतं तसंच फळ मिळेल याची खात्री नाही. हापूसची कोय लावली म्हणून हापूसच येतो असं नाही, तसंच हे. म्हणूनच बागायतदार कलमं लावतात.

हा जुगार एकदा मात्र जबरदस्त लागला. 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने ॲव्होकॅडोच्या बिया लावल्या. त्यातल्या एका रोपावर 'फ्युएर्ते' जातीचं कलम करायचे प्रयत्न फसले. झाड तसंच राहू दिलं आणि त्याला अफलातून फळं आली. 1935 मध्ये हासने या जातीचं पेटंट घेतलं. आज जगभर विकला जाणारा, पिकल्यावर काळपट होणारा 'हास' ॲव्होकॅडो त्याच एका झाडापासून कलमं करत पसरलाय.

मग बी लावायचीच नाही का? जरूर लावा, पण फळ हवं असेल तर त्या रोपाला खुंट समजा. खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की नर्सरीतल्या जाणकाराकडून त्यावर चांगल्या जातीचं कलम करून घ्या. कलमी झाड साधारण 3-4 वर्षांत फळ देऊ लागतं.

रोप बाहेर लावताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, ऊन. घरात वाढलेलं रोप थेट कडक उन्हात ठेवलं तर पानं करपतात. आधी काही दिवस सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवून हळूहळू सवय लावा.

दुसरी, पाणी. ॲव्होकॅडोची मुळं उथळ असतात आणि पाणी साचलं की कुजतात. हासचं मूळ झाडही मूळकुजीनेच गेलं, 2002 मध्ये ते तोडावं लागलं. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत, भर पावसात हा धोका मोठा. म्हणून खड्ड्याऐवजी मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावा. पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पण ते बुंध्याला चिकटू देऊ नका.

थोडक्यात, खिडकीत हिरवंगार रोप हवं असेल तर बी पुरेशी आहे. ताटात फळ हवं असेल तर कलमाला पर्याय नाही.