खूण एक, जागा तीन

संगणकावरील फायलीला खूणशब्द, म्हणजेच टॅग, जोडण्याची सोय आज अनेक प्रोग्रॅममध्ये असते. मात्र तो शब्द नेमका कोठे साठवला जातो, यावर त्याचे आयुष्य ठरते. तो प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवला, तर शोध चटकन लागतो, पण प्रोग्रॅम बदलला की खूण मागेच राहते. लिनक्सवरील केडीईसारख्या व्यवस्थेत तो फायलीच्या आत न लिहिता फाइल-व्यवस्थेने तिच्यासोबत राखलेल्या जादा रकान्यात लिहिला जातो. तेथे तो इतर प्रोग्रॅमनाही वाचता येतो, परंतु जुन्या फॅट मांडणीच्या पेनड्राइव्हवर असा रकानाच नसल्याने फाइल पोहोचते आणि टॅग गळून पडतो. तिसरा मार्ग शब्द फायलीच्या पोटातच लिहिण्याचा आहे, आणि छायाचित्रांच्या बाबतीत तोच सर्वांत भरवशाचा ठरला आहे; फक्त त्यासाठी वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी एकाच जागी, एकाच रीतीने लिहिण्याचे मान्य करावे लागते.

ही गरज सर्वप्रथम वृत्तसंस्थांना भासली. 1965 मध्ये स्थापन झालेल्या आयपीटीसी या वृत्तक्षेत्रातील संघटनेने 1990 च्या दशकाच्या आरंभी आयआयएम नावाचा आराखडा तयार केला. त्यात छायाचित्राची ओळ, छायाचित्रकाराचे नाव, स्थळ आणि खूणशब्द यांसाठी क्रमांक दिलेले रकाने होते. पुढे अडोबीच्या फोटोशॉपने हेच रकाने चित्राच्या फायलीत आणले. दरम्यान कॅमेरा उत्पादकांसाठी जपानमध्ये एक्झिफ हे मानक तयार झाले, ज्यात तारीख, छिद्रमान यांसारखी तांत्रिक माहिती कॅमेराच भरतो. 2001 मध्ये अडोबीने एक्सएमपी आणले. त्यात माहिती एक्सएमएल मजकुराच्या रूपात लिहिली जाते आणि खूणशब्दांसाठी ग्रंथालयशास्त्राच्या परिसरात घडलेल्या डब्लिन कोअर या संचातील ‘सब्जेक्ट’ हा रकाना घेतला जातो. 2012 मध्ये एक्सएमपीला आयएसओची मान्यता मिळाली. नवे मानक आले म्हणून जुने गेले नाही, कारण जुन्या फायली आणि त्या वाचणारे जुने प्रोग्रॅम वापरात होतेच.

परिणामी एखाद्या जेपीईजी फायलीला ‘वारी’ असा टॅग दिला आणि ती दोन-तीन प्रोग्रॅममधून फिरली, तर हाच शब्द तिच्यात तीन ठिकाणी सापडू शकतो. फाइल उलगडून पाहिली, तर एक्झिफच्या भागात विंडोजने निर्माण केलेल्या रकान्यात तो यूटीएफ-16 पद्धतीने आठ बाइटांत बसलेला असतो. आयआयएम आणि एक्सएमपी यांच्या भागांत तोच शब्द यूटीएफ-8 पद्धतीने बारा बाइटांत असतो, कारण त्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना व वेलांटी हीही स्वतंत्र चिन्हेच असतात. आता एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने केवळ आयआयएममधील शब्द बदलून ‘पालखी’ असा केला, तर पुढच्या प्रोग्रॅमने कोणत्या रकान्यावर विश्वास ठेवायचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अडोबी, ॲपल, कॅनन, मायक्रोसॉफ्ट, नोकिया आणि सोनी या कंपन्या मेटाडेटा वर्किंग ग्रुप या नावाने एकत्र आल्या आणि 2008 पासून त्यांनी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत विचारपूर्वक घडवलेली युक्ती म्हणजे फोटोशॉपच्या वापरातून आलेला पडताळा-अंक. एक्सएमपी जाणणारा प्रोग्रॅम आयआयएमचा भाग लिहितो, तेव्हा त्या भागावरून गणिताने काढलेला एक आकडा तो शेजारी नोंदवून ठेवतो. वाचणारा प्रोग्रॅम तो आकडा पुन्हा काढतो. दोन्ही जुळले, तर आयआयएमला कोणी हात लावलेला नाही म्हणून एक्सएमपीतील मजकूर ग्राह्य धरायचा आणि जुळले नाहीत, तर एक्सएमपी न जाणणाऱ्या कोणीतरी नंतर बदल केला आहे असे समजून आयआयएममधील मजकूर घ्यायचा. जुन्या प्रोग्रॅमला न दुखावता वापरकर्त्याचा अखेरचा शब्द राखण्याची ही रीत खरोखर आदर वाटावा अशी आहे.

तथापि मराठीत टॅग लिहिणाऱ्यांना जुन्या आराखड्याच्या मर्यादा अधिक जाचतात. आयआयएममध्ये एका खूणशब्दाला 64 बाइटांची मर्यादा आहे. ‘सार्वजनिक गणेशोत्सव विसर्जन मिरवणूक’ या टॅगला 99 बाइट लागतात. निव्वळ बाइट मोजून कापणी करणारा प्रोग्रॅम ‘सार्वजनिक गणेशोत्सव वि’ एवढेच राखतो आणि त्यापुढे ‘स’चे तीनपैकी दोन बाइट अर्धवट सोडतो. शिवाय मजकूर यूटीएफ-8 मध्ये आहे, हे सांगण्यासाठी आयआयएमच्या आरंभी एस्केप, टक्का आणि रोमन ‘जी’ अशी तीन बाइटांची खूण असावी लागते; ती नसली, तर वाचणारा प्रोग्रॅम लॅटिन लिपी गृहीत धरू शकतो आणि देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते.

टॅगांची उतरंड मांडतानाही अशीच फारकत होते. महाराष्ट्र, त्याखाली पुणे, त्याखाली शनिवारवाडा अशी मांडणी लाइटरूम हा छायाचित्रांचा प्रोग्रॅम आपल्या रकान्यात उभ्या रेघेने शब्द वेगळे करून लिहितो, तर डिजिकॅम हा प्रोग्रॅम आपल्या रकान्यात तिरप्या रेघेने लिहितो. ‘सब्जेक्ट’ या सामायिक रकान्यात केवळ सुटे शब्द राहतात, म्हणून पुणे हे महाराष्ट्राच्या पोटात आहे ही गोष्ट त्यातून कळत नाही. कॅमेऱ्याच्या कच्च्या, म्हणजे रॉ, फायलींना सहसा हात न लावता शेजारी जोडफाइल ठेवतात, पण तिच्या नावाबाबतही एकमत नाही: अडोबीचे प्रोग्रॅम मूळ नावातील शेवटचा प्रत्यय काढून तेथे एक्सएमपी लावतात, तर डार्कटेबल हा प्रोग्रॅम संपूर्ण नावापुढे तो जोडतो. त्यामुळे एकाने लिहिलेली जोडफाइल दुसऱ्याला दिसेलच, याची शाश्वती नसते.

मानकांनी रकाना ठरवून दिला, तरी त्यातील अक्षरांची जुळणी ती ठरवत नाहीत. ‘पायऱ्या’ या टॅगमधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलंत जोडून किंवा साध्या ‘र’ला हलंत व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी ते दोन वेगळे टॅग असतात. युनिकोडचे सामान्यीकरणही, म्हणजे समान रूपे एकत्र आणण्याचे नियमही, त्यांना एक करत नाहीत. किल्ल्यांच्या किंवा घाटांच्या छायाचित्रांचा संग्रह अनेकांनी मिळून हाताळला असेल, तर निम्मी चित्रे एका ‘पायऱ्या’खाली आणि उरलेली दुसऱ्याखाली जातात; ती एकत्र आणण्यासाठी एक्झिफटूलसारख्या साधनाने दोन्ही रूपे शोधून, एक रूप पक्के करून, प्रत्येक फायलीत तिन्ही जागी तेच नव्याने लिहावे लागते.