क्राऊन-पिनियनचा आरसा करू नका

पावसाळ्याआधी जीपचं काम काढलं की एक सल्ला हमखास कानावर येतो: "हाऊसिंग उघडलंच आहे, तर क्राऊन-पिनियनला बफ मारून घ्या. दाते आरशासारखे झाले की झीज निम्मी होते." विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या गडाखालून जाणाऱ्या महामार्गावर, चारोटीपासून तलासरीपर्यंत, हे मी मालकांकडून ऐकतो, ड्रायव्हरांकडून ऐकतो आणि मुंबई-वापीहून डोंगरात गाडी घालायला येणाऱ्या हौशी मंडळींकडूनही ऐकतो. सांगणारे मनापासून सांगतात. पण या सल्ल्यापायी चांगल्या जोड्या भंगारात जातात, म्हणून याबद्दल एकदा सविस्तर लिहायला हवं.

आधी या समजुतीत जे खरं आहे ते मान्य करतो. दाता गुळगुळीत असेल तर झीज कमी होते, हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रात टिमथी क्रँट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पृष्ठभाग कठीण केलेल्या पोलादी गिअरवर चाचण्या केल्या. नेहमीसारखे ग्राइंड केलेले गिअर एकीकडे आणि त्यावर आणखी सूक्ष्म सफाई केलेले गिअर दुसरीकडे. सफाई केलेल्या गिअरचं आयुष्य सुमारे चौपट भरलं. २००१ साली हे निष्कर्ष शोधनिबंधात प्रसिद्ध झाले. "पॉलिश केलं की गिअर टिकतो" या वाक्याला आधार शोधणाऱ्यांना तो इथे नक्की सापडतो.

पण ती सफाई झाली कशी, हे कुणी सांगत नाही. जस्ताचे बारीक तुकडे, पाणी आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची पावडर भरलेल्या भांड्यात ते गिअर बुडवले आणि भांडं तासन् तास थरथरत ठेवलं. दात्यावरून निघालं ते अवघे काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग, आणि तेही सगळीकडून सारखे. दात्याचा आकार होता तसाच राहिला. शिवाय ते साधे सरळ दात्यांचे गिअर होते. जीपच्या मागच्या हाऊसिंगमधल्या हायपॉइड जोडीशी त्यांचं गणित सरळ जुळत नाही. या प्रयोगाच्या जोरावर हातातल्या ग्राइंडरला फ्लॅप व्हील लावून क्राऊन घासणं म्हणजे प्रयोगाचं नाव घेऊन भलतंच काम करणं होय.

हायपॉइड जोडीत पिनियनचा अक्ष क्राऊनच्या अक्षाला मध्यभागी छेदत नाही, तो थोडा खाली असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबून सरकवून पाहा, कशी उष्णता होते ते कळेल. तिथे टनावारी दाब असतो आणि दात्यांमधला तेलाचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. म्हणूनच अशा जोडीला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. त्यातली गंधक आणि फॉस्फरसची संयुगं तापलेल्या पोलादाशी क्रिया करून एक संरक्षक पापुद्रा तयार करतात. दात्याऐवजी तो पापुद्रा झिजतो.

आता बफ मारल्यावर काय होतं ते पाहू.

पहिली हानी आकाराची. कारखान्यात दात्याला मध्ये किंचित फुगवटा दिलेला असतो. भार आला की हाऊसिंग, शाफ्ट, बेअरिंग सगळंच थोडं वाकतं; तेव्हा दाब दात्याच्या मधोमध राहावा, कडेला सरकू नये, यासाठी तो फुगवटा. त्याचं माप मिलिमीटरच्या शतांशात असतं. हाताने धरलेलं चाक कडेला जास्त घासतं, मध्ये कमी, आणि एका दात्यावर दोन सेकंद तर पुढच्यावर पाच सेकंद थांबतं. डोळ्याला सगळे दाते सारखेच चमकताना दिसतात. पण मार्किंग पेस्ट लावून जोडी फिरवली की ठसा एका दात्यावर मधोमध आणि दुसऱ्यावर टोकाला पडलेला दिसतो. चमक म्हणजे अचूकपणा नव्हे. खडबडीतपणा मोजायला यंत्र लागतं, आकार मोजायला दुसरं यंत्र लागतं, आणि रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये या दोन्हींपैकी एकही नसतं. त्यात गॅरेजवाल्याचा दोष नाही. ते त्याचं काम नव्हेच.

जुन्या विलीज जीपचं उदाहरण घ्या. महिंद्रने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जी गाडी जोडायला सुरुवात केली, तिच्याच वंशातली सीजे-३बी. तिच्या क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८. दोन्ही आकड्यांना समान भाजक नाही, म्हणून क्राऊनच्या ८ फेऱ्यांत पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भेटून जातो. झीज सगळीकडे सारखी वाटली जावी म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे. पण पिनियनचा एकच दाता बफ मारताना बिघडला, तर तो क्राऊनच्या ४३ च्या ४३ दात्यांवर आपली खूण उमटवत जातो.

दुसरी हानी कडकपणाची. दात्याचं पोलाद आतून चिवट आणि वरून साधारण मिलिमीटरभर कठीण असतं. कार्बन मुरवून, तापवून, झटकन थंड करून मग त्याला सुमारे १५० ते २०० अंश सेल्सिअसला टेम्पर करतात. त्याच्या वर उष्णता गेली की कडकपणा उतरायला लागतो. बफ किंवा ग्राइंडर एका जागी थोडा वेळ टेकला तरी तिथलं तापमान सहज त्याच्या पुढे जातं. पोलादावर पिवळसर झाक दिसू लागते ती साधारण २२० अंशांच्या आसपास, निळी तर त्याहून बरीच वर. म्हणजे रंग बदललेला दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. असा मऊ पडलेला दाता पुढच्या घाटात भाराखाली खड्डे धरतो, आणि मग "कंपनीचा माल हलका होता" असं ऐकायला मिळतं!

तिसरी हानी धुळीची. एमरीचे कण पोलादापेक्षा कठीण असतात. डिझेलने धुतलं, हवा मारली, तरी बेअरिंगच्या फटीत थोडे उरतातच. तेलात मिसळले की ते पिनियनच्या बेअरिंगला घासण्याचं काम करत राहतात.

चौथी गोष्ट ऐकून मला खरोखर राग येतो. पुष्कळ नव्या जोड्यांच्या दात्यांवर काळपट मंद थर असतो. काही जण त्याला गंज समजतात किंवा "कच्चं फिनिशिंग" म्हणतात, आणि नवी कोरी जोडी पेटीतून काढून आधी तो थर घासून टाकतात. बहुतेक वेळा तो मँगनीज फॉस्फेटचा असतो. सुरुवातीच्या काळात दाते एकमेकांना बसेपर्यंत तेल धरून ठेवायचं आणि ओरखडे टाळायचे, एवढ्यासाठीच तो मुद्दाम दिलेला असतो. पैसे मोजून विकत घेतलेलं संरक्षण आपल्याच हाताने काढून टाकायचं कशासाठी?

यावर उत्तर ठरलेलं असतं: "अहो, मी पॉलिश केलं होतं, गाडी अजून बिनआवाजाची चालते." मान्य. पण त्याच दिवशी बेअरिंग नवी पडली होती, ऑइल सील बदलले होते, शिम लावून प्ले नीट बसवला होता आणि तेलही ताजं भरलं होतं. आवाज गेला तो यांतल्या कशाने तरी, आणि श्रेय मात्र बफला मिळालं. शिवाय घडवलेली जोडी पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये स्वतःच एकमेकीला गुळगुळीत करते. दात्यावरचे सूक्ष्म उंचवटे चेपले जातात, संपर्क वाढतो. त्यासाठी मालकाला करायचं एवढंच: नवी जोडी बसवल्यावर पहिली वीसेक किलोमीटर हलक्या भाराने चालवायची, मग हाऊसिंग पूर्ण थंड होऊ द्यायचं, सुरुवातीच्या दिवसांत ओढकाम टाळायचं आणि साधारण ८०० किलोमीटरला तेल बदलायचं. त्या पहिल्या तेलात घासून निघालेलं बारीक पोलाद असतं.

कारखान्यातही हेच काम जोडीजोडीने होतं. मुंब्र्याला भारत गिअर्सचा कारखाना आहे, विवळवेढ्याहून शंभरेक किलोमीटरवर. क्राऊन-पिनियन बनवणाऱ्या अशा कारखान्यांत कठीण केलेल्या जोड्या बहुधा एकमेकींवर बारीक पेस्टमध्ये फिरवून जुळवल्या जातात, किंवा अचूक यंत्रावर ग्राइंड होतात. म्हणून क्राऊन आणि पिनियन या दोघांवर एकच जोड-क्रमांक असतो. "क्राऊन चांगला आहे, फक्त पिनियन बदला" हा सल्लाही त्यामुळेच चूक आहे.

मग आपल्याकडे जोडी लवकर का जाते? माझं स्पष्ट मत आहे: पाणी आणि अपुरं तेल. जव्हार-मोखाड्याचा घाट उतरून आलेलं ॲक्सल चांगलंच तापलेलं असतं. ते ओढ्यात किंवा फरशीवरून वाहणाऱ्या थंड पाण्यात उतरलं, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर उलट दुखणं: तापल्यावर आतला दाब वाढतो आणि सीलमधून तेल बाहेर येतं. "हाऊसिंग सीलबंद आहे, पाणी कसं जाणार?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तेलाचा रंग बघावा. दुधाळ झालेलं तेल म्हणजे पाणी आत गेलेलं आहे.

थोड्या पाण्याने किती बिघडतं? टिमकेन कंपनीच्या रिचर्ड कँटली यांनी १९७७ मध्ये टेपर रोलर बेअरिंगवर हे मोजून प्रसिद्ध केलं. पिनियन ज्यावर फिरतो ती बेअरिंग याच जातीची. तेलात दहा लाखांत १०० भाग पाणी असताना जे आयुष्य मिळतं, ते ४०० भागांवर जवळपास ४३ टक्क्यांवर येतं. जीपच्या हाऊसिंगमध्ये दीड लिटर तेल धरलं, तर ४०० भाग म्हणजे अर्धा-पाऊण मिलिलिटर पाणी. मोजके थेंब! बेअरिंग ढिली पडली की पिनियन जागचा हलतो, ठसा दात्याच्या कडेला सरकतो आणि मग क्राऊन फुटतो.

उपाय स्वस्त आहे. ब्रीदरला रबरी पाइप जोडून त्याचं तोंड इंजिनच्या उंचीला न्यावं. पाण्यात उतरण्याआधी गाडी थोडा वेळ उभी करून ॲक्सल थंड होऊ द्यावं. पाण्यातून आल्यावर त्याच आठवड्यात लेव्हल प्लग उघडून बोट घालून बघावं, आणि रंग बदललेला असेल तर तेल लगेच काढावं, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नये. डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात गाडी घालणाऱ्यांनी तर हे अजिबात टाळू नये. खारं पाणी बेअरिंगला गोड्यापेक्षा लवकर खातं. बफच्या मजुरीत हे सगळं होऊन तेलाचेही पैसे सुटतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"खड्डे घासून काढले की दाता नवा." नाही. दिसणाऱ्या खड्ड्याखाली भेगा आधीच पसरलेल्या असतात. घासल्याने त्यांच्यावरचा कठीण थर तेवढा पातळ होतो.

"नव्वद नंबरपेक्षा एकशे चाळीस केव्हाही चांगलं." गाडीच्या पुस्तकात असेल तरच. जाड तेल थंडीत पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं आणि घुसळताना तापतंही जास्त.

"तेलात ग्रीस टाकलं की आवाज बंद." आवाज दबतो, झीज चालूच राहते, आणि बेअरिंग कोरडी पडते.

"जीएल-५ भारी, मग गिअरबॉक्समध्येही तेच घाला." काही जीएल-५ तेलं पितळी सिंक्रो रिंगला खातात, गिअरबॉक्सला जे सांगितलंय तेच घालावं.

"ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी लुगदी म्हणजे जोडी गेली." बारीक लुगदी सगळ्यांकडे असते. नखाला टोचेल असा तुकडा मिळाला तर मात्र हाऊसिंग उघडा.

"महामार्गावर पावसात फोर बाय फोर लावून ठेवलं की गाडी पकडून चालते." ज्या जीपमध्ये मधलं डिफरन्शियल नाही, तिथे कोरड्या किंवा नुसत्या ओल्या डांबरावर पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर तोडतात आणि तो ताण सगळा दोन्ही क्राऊनवर चढतो. डांबर लागलं की लीव्हर टू-व्हीलवर घ्या.