मुखत्यार कोणाचा? फॉरवर्ड व रिव्हर्स प्रॉक्सी यांतील भेद

संगणकाच्या जाळ्यात माहिती मागणारा आणि ती पुरविणारा हे दरवेळी समोरासमोर येतातच असे नाही. पुष्कळदा त्यांच्यामध्ये एक तिसरा संगणक उभा असतो. त्यास प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजेच मुखत्यार संगणक, असे म्हणतात. एकाची मागणी घेऊन ती पुढे पोहोचविणे आणि आलेले उत्तर परत आणून देणे, हे त्याचे काम. फॉरवर्ड आणि रिव्हर्स हे त्याचे दोन प्रकार असून त्यांतील खरा भेद मुखत्यारपत्र कोणी दिले, यात आहे.

मागणाऱ्याचा मुखत्यार

फॉरवर्ड प्रॉक्सी हा मागणाऱ्याच्या बाजूने काम करतो. महाविद्यालयातील अथवा कारखान्यातील संगणकांना त्याचा पत्ता दिलेला असतो व बाहेरची मागणी त्याच्यामार्फत जाते. संकेतस्थळास सामान्यतः प्रॉक्सीचाच पत्ता दिसतो. कोणती संकेतस्थळे उघडू द्यावयाची, हेही संस्थेस येथेच ठरविता येते. १९९४ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेच्या वेब सर्व्हरमध्ये ही सोय उपलब्ध होती. बंदिस्त जाळ्यातील संगणकांना बाहेरची माहिती मिळावी आणि एकदा आणलेली प्रत अनेकांच्या उपयोगी पडावी, हा तिचा हेतू होता.

पुरविणाऱ्याचा मुखत्यार

रिव्हर्स प्रॉक्सी हा संकेतस्थळाच्या दाराशी बसतो. संकेतस्थळाच्या नावावर सापडणारा पत्ता त्याचाच असतो. कचेरीत आलेला अर्ज आवक बारनिशीत घेतला जातो. पुढे तो कोणत्या टेबलावर गेला, हे अर्जदारास ठाऊक नसते. येथेही तसेच घडते. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी लाखो विद्यार्थी एकाच वेळी संकेतस्थळ उघडू पाहतात. अशा प्रसंगी मागण्या अनेक सर्व्हरांत वाटून देणे, एखादा बंद पडल्यास काम दुसऱ्याकडे वळविणे आणि वारंवार मागितले जाणारे पान साठ्यातून देणे, ही कामे रिव्हर्स प्रॉक्सी करू शकतो. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली खुली केलेली एन्जिनएक्स ही प्रणाली या कामासाठी जगभर वापरली जाते.

लखोटा कोण उघडतो?

हा भेद नागरिकांच्या गोपनीयतेशीही निगडित आहे. एचटीटीपीएस पद्धतीत मजकूर सांकेतिक रूपात, जणू बंद लखोट्यात, पाठविला जातो. फॉरवर्ड प्रॉक्सी सामान्यतः तो तसाच पुढे सरकवितो. संकेतस्थळाचे नाव त्यास कळते, मजकूर कळत नाही. संस्थेने आपल्या संगणकांवर स्वतःचे प्रमाणपत्र बसविले असल्यास मात्र तो वाचता येतो. रिव्हर्स प्रॉक्सीपाशी बहुधा संकेतस्थळाचेच प्रमाणपत्र असल्याने लखोटा तेथेच उघडतो. परवलीचा शब्दही तेथे वाचता येण्याजोगा होतो.

म्हणून अनोळखी व्यक्तीच्या विनामूल्य प्रॉक्सीवर विसंबणे वापरणाऱ्याने टाळावे. आपला रिव्हर्स प्रॉक्सी त्रयस्थाकडे सोपविणाऱ्या संस्थेनेही, आपण केवळ यंत्र नव्हे तर लोकांचा विश्वासही त्याच्या स्वाधीन करीत आहोत, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.