माहिती चौकट : अन्नजाळ्याचे गणित

समुद्र असो वा जंगल, कोण कोणाला किती खातो याचा हिशेब मांडला की माणसाच्या हस्तक्षेपाचा फटका कुठे बसतो ते कळते. मासेमारीसाठी असा हिशेब मांडणारे ‘इकोपाथ’ हे प्रतिमान १९८४मध्ये हवाई बेटांजवळच्या प्रवाळक्षेत्रावर मांडले गेले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातही असाच हिशेब लागू पडतो.

• वाघ : एका वाघाला वर्षाला सुमारे ५० खुरी प्राणी लागतात. परिसरातल्या अशा प्राण्यांपैकी साधारण दहावा हिस्सा तो वर्षाला मारतो, म्हणजे एका वाघामागे ५०० चितळ-सांबर-रानडुकरे हवीत. भक्ष्य घटले की गुरांवरचे हल्ले वाढतात.

• गिधाड : गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते. मूत्रपिंडे निकामी होतात, यकृत-हृदयावर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. २००४च्या एका प्रतिमानानुसार शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत घातक मात्रा असली, तरी गिधाडांची घसरण होण्यास ती पुरेशी ठरते.

• उपाय : जनावरांसाठी या औषधावर २००६मध्ये बंदी आली. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी ‘उपाहारगृहे’ (मृत जनावरे खाद्य म्हणून ठेवण्याच्या जागा) उभारली. जानेवारी २०२४मध्ये हरियाणातील पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पुठ्ठ्याची १० गिधाडे ताडोबातील बोटेझरीला आणली गेली.

पशुपालकांनो, गुरांच्या दुखण्यावर डॉक्टरांकडून मेलॉक्सिकॅमच मागा. गिधाडांना ते सुरक्षित आहे.