ईदचा हप्ता

रमजान हा उपवासाचा महिना. पहाटे सहरीला चार घास खायचे, मग थेट सूर्यास्तानंतर इफ्तारला. दुपारचे जेवण नाही, चहा नाही, पान-सुपारी नाही. साध्या हिशेबाने पाहिले तर या महिन्यात किराण्याचे बिल कमी व्हायला हवे. पण अनेक मुस्लिम घरांत याच महिन्याचे बिल वर्षातले सर्वांत मोठे असते. असे का होते, हा प्रश्न घराघरांत मनात येतो. तोंडाने मात्र फारसे कोणी विचारत नाही.

सोलापुरातल्या एका घरात यंदा तो विचारला गेला. वडील रिक्षा चालवतात. आई घरीच मशीनवर शाळेचे गणवेश शिवते, नगावर मजुरी मिळते. आजीने उभे आयुष्य विड्या वळल्या. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. रमजान लागण्यापूर्वी, शाबान महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुलीने अभ्यासातून थोडी उसंत काढून आईची खर्चाची वही उघडली आणि गेल्या रमजानची पाने समोर घेतली.

एरवी या घराचा महिन्याचा स्वयंपाकखर्च ९,००० रुपयांच्या आसपास. गेल्या रमजानात तो १५,६०० झाला होता. वाढलेल्या ६,६०० रुपयांत फळे २,४०० ची, मटण-चिकन १,५०० चे, तळणासाठी तेल, बेसन, मैदा १,१०० चा, बाहेरून आणलेले समोसे, दहीवडे आणि थंड पेयांच्या बाटल्या १,००० च्या आणि दूध-सरबत ६०० चे. ईदचा खर्च वेगळा. कपडे आणि चपला-बूट ११,५००, नवे पडदे व चादरी ४,०००, शीरखुर्म्याचा सुकामेवा आणि शेवया २,२००, बांगड्या, मेंदी व किरकोळ १,३००, लहान मुलांना ईदी १,०००. हे झाले २०,०००. दोन्ही मिळून २६,६०० रुपये.

स्वयंपाकाचा वाढीव खर्च कसाबसा खिशातून निघाला होता. ईदचे २०,००० मात्र महिला गटाच्या कर्जातून आले. अर्जावर कारण लिहिले होते शिलाई व्यवसाय. पंधराव्या रोज्याला पैसे हातात पडले. आठवड्याला ४४० रुपये, असे ५२ हप्ते. म्हणजे २०,००० चे २२,८८० झाले.

मुलीने आणखी एक आकडेमोड केली आणि घरातले सगळेच गप्प झाले. ५२ आठवड्यांचे दिवस होतात ३६४. इस्लामी वर्ष चंद्रावर चालते, ते साधारण ३५४ दिवसांचे. म्हणूनच रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीच्या पंधराव्या रोज्याला घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता यंदाच्या पंचविसाव्या रोज्याच्या सुमारास येणार होता. जुन्या ईदचे पैसे फिटायच्या आत नवी ईद दारात. गटातल्या बायकांनी नव्या कर्जाचे अर्ज भरायला घेतलेही होते.

मुलगी एवढेच म्हणाली, “अम्मी, मग आपण कर्जातून मोकळे कधी असतो?” जूनमध्ये तिला कॉलेजात प्रवेश घ्यायचा आहे. पहिल्या भरण्याला १८,००० रुपये लागतील. तिने ते बोलून दाखवले नाही, पण वहीच्या मागच्या पानावर तो आकडा लिहिलेला आईला दिसला.

कर्जात आणखी एक बोच होती. इस्लामने व्याज निषिद्ध मानले आहे. घेणे आणि देणे, दोन्ही. दिवसभर पाण्याचा घोटही न घेणारे घर संध्याकाळच्या ताटासाठी आणि ईदच्या पडद्यांसाठी व्याज भरत होते. उपचारासाठी किंवा घराचे छप्पर कोसळले म्हणून काढलेल्या कर्जाची गोष्ट वेगळी. तिथे माणूस लाचार असतो. इथे लाचारी नव्हती, ‘लोगां क्या बोलेंगे’ ही भीती होती.

आपण मराठीत रोज वापरतो तो ‘हिशेब’ हा शब्द मूळचा अरबी. ‘जमा’, ‘बाकी’, ‘वसूल’, ‘रक्कम’ हेही त्याच वाटेने मराठीच्या चोपड्यांत येऊन बसले. हदीसमध्ये म्हणजे पैगंबरांच्या वचनांत रोजा कसा धरावा हे सांगताना ‘एहतिसाब’ असा शब्द येतो. अल्लाहकडून मोबदल्याची आशा ठेवून, स्वतःला तपासत, असा त्याचा आशय. ‘हिशेब’ आणि ‘एहतिसाब’ ही एकाच धातूची दोन रूपे. रमजान हा पोटाला आवर घालण्याचा महिना आहे, तसाच तो हिशेबाचाही महिना आहे.

उधळपट्टीसाठी कुरआनात दोन शब्द येतात. ‘इसराफ’ म्हणजे योग्य गोष्टीवरही मर्यादेपलीकडे खर्च करणे आणि ‘तबजीर’ म्हणजे पैसा नको तिथे उधळणे. सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच अतिरेकाची मनाई केली आहे. सूरह बनी इसराईलमध्ये उधळ्यांना सैतानाचे भाऊबंद म्हटले आहे. पण तिथला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क त्यांना द्या असे सांगितले आहे आणि त्याला लागूनच उधळू नका असे. म्हणजे उधळपट्टीचा दोष केवळ पैसे संपतात म्हणून नाही. त्या पैशांत दुसऱ्या कोणाचा तरी वाटा असतो, तो मारला जातो, म्हणून आहे. या घरात तो वाटा मुलीच्या शिक्षणाचा होता.

पुढे हात मानेला बांधून ठेवू नका आणि तो पूर्ण मोकळाही सोडू नका, असाही आशय त्याच सूरहमध्ये आहे. कंजूषपणा हा काटकसरीचा अर्थ नव्हे, हे यातून स्पष्ट होते. या मधल्या वाटेला उर्दूत ‘मियानारवी’ म्हणतात. आपल्याकडे तुकोबांनीही चांगल्या व्यवहाराने धन जोडावे आणि ते अलिप्त मनाने खर्च करावे असे सांगितले, तेव्हा याच वाटेकडे बोट दाखवले होते.

मग वहीतले कोणते खर्च ठेवायचे आणि कोणते काढायचे? याला एक जुनी चाळणी आहे. चौदाव्या शतकातील अंदलूसचे, म्हणजे मुस्लिम राजवटीतील स्पेनचे, विद्वान इमाम शातिबी यांनी माणसाच्या गरजांच्या तीन पायऱ्या मांडल्या. ‘जरूरियात’ म्हणजे ज्यावाचून जगणेच अडते. ‘हाजियात’ म्हणजे ज्यावाचून जगता येते, पण त्रास होतो. ‘तहसीनियात’ म्हणजे ज्याने जगणे अधिक सुंदर होते. तिसरी पायरी त्यांनी निषिद्ध ठरवली नाही, पण तिच्यासाठी पहिलीला धक्का लागता कामा नये. घरात कोणी शातिबी वाचलेला नव्हता. आईने पेन घेतले आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहिले. ‘ल’ म्हणजे लागणारे, ‘चा’ म्हणजे नसले तरी चालणारे, ‘दि’ म्हणजे दिखाव्याचे.

पडद्यांपुढे ‘दि’ लिहिताना कोणी हरकत घेतली नाही. अडले ते इफ्तारीच्या तबकांपाशी. आजीच्या आग्रहाखातर दरवर्षी गल्लीतल्या अकरा घरी तबक जायचे. प्रत्येक तबकात सात-आठ जिन्नस. तीन प्रकारची फळे, भजी, समोसा, दहीवडा, खजूर, गोड. आईने तिथे ‘दि’ लिहिले आणि आजी उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच बोलल्या. विड्यांच्या मजुरीवर घर चालायचे तेव्हाची एक ईद त्यांना आठवत होती. मुलांना धुतलेले जुने कपडे घालून ईदगाहला पाठवले होते. शीरखुर्मा करण्याइतके दूध नव्हते. शेजारच्या घरांतून वाट्या आल्या आणि उलट पाठवायला घरात काही नव्हते. “त्या दिवसापासून ठरवलं होतं, आपल्या घरून तबक गेल्याशिवाय राहायचं नाही,” त्या म्हणाल्या. आठ जिन्नसांच्या त्या तबकात मोठेपणाची हौस होती, पण त्याहून जास्त त्या एका ईदची लाज होती. काटकसरीचे धडे देणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. गरिबी पाहिलेला माणूस दिखाव्यावर खर्च करतो, तेव्हा पुष्कळदा तो आपली जुनी जखम झाकत असतो.

तोडगाही आजींनीच काढला. पैगंबरांनी आपले सहकारी अबू जर यांना सांगितले होते की रस्सा शिजवाल तेव्हा त्यात पाणी थोडे वाढवा आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. ही हदीस त्यांनी लहानपणी ऐकली होती. जिन्नस वाढवा असे तिथे म्हटलेले नाही, पाणी वाढवा असे म्हटले आहे. आहे त्यातूनच द्यायचे, पण द्यायचे. अकरा घरे अकराच राहिली. तबकात आता दोनच गोष्टी जातात, खजूर आणि घरची गरम भजी किंवा एखादे दिवशी वाटीभर खिचडा.

बाकीचा बेत मग सोपा होता. इफ्तारला खजूर आणि रोज एकच फळ, तेही आठवडे बाजारातून आणलेले. पैगंबर ओल्या खजुरांनी रोजा सोडत, त्या नसल्या तर सुक्या खजुरांनी आणि त्याही नसल्या तर पाण्याच्या चार घोटांनी, असे हदीसमध्ये आले आहे. तळण फक्त शुक्रवारी, त्या दिवशीच तबके काढायची. बाटल्यांऐवजी लिंबाचे सरबत. शीरखुर्म्याचा सुकामेवा भाव चढण्यापूर्वी शाबानमध्येच घेतला. कपड्यांचे कापड ठोक दुकानातून आणून आईने घरीच शिवले. मुलाचा बूट अजून चांगला होता, तो राहिला. यंदाचा वाढीव स्वयंपाकखर्च ३,१०० आणि ईदचा ८,४०० धरला, मिळून ११,५००. गणवेशाच्या हंगामाची जादा मजुरी आणि रिक्षाची कमाई यांतून तो कर्ज न काढता भागतो आहे. ईदी आणि ईदच्या दिवशीचा शीरखुर्मा या दोन ओळींना कोणी हात लावला नाही.

आणखी एका ओळीला हात लावला नाही, ती म्हणजे फितरा. ऐपत असलेल्या घराने ईदच्या नमाजाआधी गरिबांना द्यायचे हे दान. घरातल्या तान्ह्या मुलाच्या वाट्याचेही द्यावे लागते. माणशी पावणेदोन ते दोन किलोंच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत, असे साधारण माप आपल्याकडे आहे. ईदच्या दिवशी गरिबाच्या घरीही चूल पेटावी, हा त्याचा उद्देश. जकातीचा नियम त्याहून काटेकोर आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची मालमत्ता कर्ज वजा जाता वर्षभर शिल्लक असेल, तर तिच्यातील अडीच टक्के गरजूंना द्यायचे. म्हणजे आपल्याकडे काय आहे, देणे किती आहे आणि उरते किती, हे वर्षातून एकदा तरी कागदावर मांडावेच लागते. जकात देणारे अनेक जण हा हिशेब रमजानातच करतात. ज्यांच्यावर जकात लागू होत नाही, त्यांनीही तो केला तर बिघडत काहीच नाही.

ही गोष्ट एका मुस्लिम घराची असली तरी वही कोणत्याही घरातली असू शकते. २०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ मार्चला ईद आली होती. एकाच बाजारात एकीकडे साखरेच्या गाठी आणि दुसरीकडे शेवया घ्यायला गर्दी होती. सण वेगळे, हप्ते सारखे. दिवाळी असो, लग्न असो, बारसे असो, ‘लोक काय म्हणतील’ या एका ओळीवर किती घरांचे किती पैसे जातात, याचा हिशेब त्या त्या घराने एकदा मांडून पाहावा. आणि काटछाट करताना सगळ्यात आधी शेजाऱ्याचे ताट किंवा कामवाल्या मावशींची बक्षिसी कापली जात नाही ना, हेही पाहावे. स्वतःच्या हौसेला हात न लावता दुसऱ्याचा वाटा कमी करणे याला काटकसर म्हणत नाहीत.

त्या घरात पंचविसाव्या रोज्याला गटाचा बावन्नावा हप्ता गेला. नव्या कर्जाच्या अर्जावर आईने सही केली नाही. दर आठवड्याला ४४० रुपये बाजूला काढायची सवय वर्षभरात लागलीच होती, ती तशीच ठेवायची असे ठरले. फरक इतकाच की आता ते पत्र्याच्या डब्यात जातील. पुढच्या ईदपर्यंतच्या ५० आठवड्यांत तिथे २२,००० जमतील. जूनमधल्या १८,००० पैकी अजून बरेच उभे करायचे आहेत. त्यासाठी वडील तरावीहच्या नमाजानंतर रात्री आणखी दोन तास रिक्षा काढतात.

विजापूर वेशीतल्या मीना बाजारात आता शेवटच्या दिवसांची गर्दी आहे. या घरातल्या बायकाही एका संध्याकाळी जाऊन आल्या. बांगड्या घेतल्या, नवे पडदे नुसते पाहिले. गेल्या शुक्रवारी शेजारच्या पद्मशाली कुटुंबातील अक्कांकडे तबक गेले होते. ते रिकामे परत द्यायचे नाही, ही रीत दोन्ही घरांत आहे. अक्कांनी त्यात शेंगा चटणी आणि चार कडक भाकऱ्या ठेवून पाठवल्या. दुसऱ्या दिवशीची सहरी त्यावरच झाली. आजींनी चटणीत थोडे तेल घातले, भाकरी मोडली आणि सुनेला म्हणाल्या, “पुढच्या शुक्रवारी अक्कांच्या ताटात दोन भजी जास्त घाल.”